शेवटची वस्ती आधी

रमा, तुझ्या शोकसभेतून मी मधेच उठून आले. तुला त्याचा राग येणार नाही. तू असतीस तर माझ्या आधी उठली असतीस.

नांदेडच्या त्या सभागृहात तुझा फोटो ठेवला होता, पांढरी फुलं होती. बुद्धवंदना झाली. तुझा भाऊ बोलायला उभा राहिला आणि नुसते हात जोडून खाली बसला. इथपर्यंत सगळं नीट होतं. मग आमच्या संस्थेचे दिल्लीचे साहेब उठले. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी 'आमची' म्हणायची सवय जात नाही. ते म्हणाले, रमाताईंनी आमच्या संस्थेचं पाण्याविषयीचं धोरण तळागाळापर्यंत पोचवलं. पोचवलं म्हणे! वरून आलेलं खाली नेऊन दिलं. जणू तू टपाल खात्यात होतीस.

शेजारी शोभा बसली होती. तुझ्या बोरवाडीची शोभा, जिला तू हापसे दुरुस्त करायला शिकायला लावलंस. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती आधीच पायाने चपला शोधत होती. आम्ही दोघी बाहेर आलो, समोरच्या गाड्यावर चहा घेतला. कप ठेवताना शोभा म्हणाली, "विजयाताई, आपण आत बोलायला पायजे होतं."

बोलायला हवं होतंच. पण सभा तुझी होती, भांडणाची नव्हती. म्हणून आता तुलाच सांगून राहिले. यातलं तुला माहीत नाही असं फार थोडं आहे. पण कुणाशी तरी बोलल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही, आणि या विषयावर मी आयुष्यभर फक्त तुझ्याशीच बोलत आले.

*

लातूर तेव्हा उस्मानाबादेतून वेगळं होऊन नुकतंच नवा जिल्हा झालं होतं. सरकारी ऑफिसं भाड्याच्या घरांत होती. कुठलं खातं कुठल्या गल्लीत बसतं हे खुद्द शिपायांनाही धड सांगता यायचं नाही. जिल्ह्याची घडी बसायच्या आत दुष्काळ आला, आणि दुष्काळामागोमाग बाहेरच्या देशांतल्या मदत संस्था आल्या. त्यातल्या एकीनं लातूरला ऑफिस उघडलं, आणि मी औशाच्या शेतकऱ्याची मुलगी, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, तिथं दुभाषी म्हणून लागले. काम दोन्ही जिल्ह्यांत होतं, लातूर आणि नांदेड. आमचा इंजिनिअर हेन्रिक नावाचा उंच, उन्हानं कानापर्यंत लाल झालेला माणूस होता. त्याचा देश कुठल्या दिशेला आहे हे मला तेव्हा नकाशात पाहावं लागलं होतं.

मुखेड तालुक्यात बोरवाडीला आम्ही बोअरची गाडी घेऊन आलो तो दिवस तू नंतर हजार वेळा सांगायचीस, आणि दर वेळी त्यात थोडी भर घालायचीस. मी भर न घालता सांगते. भूगर्भवाल्यानं आधीच पाहणी करून दोन जागांवर खुणा केल्या होत्या. एक चावडीपुढे, एक गावाबाहेर तुमच्या बौद्धवाड्यात. पाणी दोन्हीकडे लागेल असं त्याचं म्हणणं होतं, पण हापसा एकच मिळणार होता. सरपंचांनी चावडीपुढे नारळ, हळदकुंकू, सगळी तयारी ठेवली होती. आणि तू, प्राथमिक शाळेतल्या गुरुजींची मुलगी, नुकतीच डी. एड. झालेली, वस्तीतल्या बायका घेऊन गाडीपुढे येऊन उभी राहिलीस. ओरडली नाहीस. माझ्याकडे बोट करून म्हणालीस, "तुम्ही सांगणाऱ्या हाव ना? मग मी बोलून राहिले ते जसंच्या तसं सांगा या साहेबांना."

आणि तू बोललीस. चावडीपुढे पाणी लागलं तर ते गावाचं होईल. आम्ही लांब उभ्या राहू, कुणी वरून ओतलं तर घेऊ. विहिरीवर आजवर तेच चाललंय. आमच्या वस्तीत लागलं तर सगळ्यांना आमच्या रांगेत उभं राहावं लागेल. तेव्हा कुठं ते सगळ्यांचं पाणी होईल.

मी जसंच्या तसं सांगितलं. हेन्रिकनं सरपंचांना विचारलं. सरपंच म्हणाले, आमच्या बायका तिकडं पाण्याला जाणार नाहीत, मग तुमचा हापसा अर्ध्या गावाच्या कामाचा नाही. त्या म्हणण्यातही एक हिशेब होता आणि हेन्रिक हिशेबी माणूस होता. तो तुझ्याकडे वळला. गावातल्या बायका येतील याची तुला खात्री आहे का, असं त्यानं विचारलं.

"तहान लागली की येतील," तू म्हणालीस. "आमी न्हाई का आलो त्यांच्या दारात?"

हे मी हेन्रिकला सांगितलं. मग त्यानं ड्रायव्हरला गाडी वस्तीकडे घ्यायला सांगितली. सरपंचांचा नारळ त्या दिवशी फुटला नाही.

पाणी लागलं. नंतर पहिले काही दिवस गावातलं कुणी फिरकलं नाही. मग चावडीजवळच्या घरातली एक म्हातारी घागर घेऊन आली आणि रांगेच्या जरा बाजूला उभी राहिली. तुझी आई हापसा मारत होती. आईनं तिला पुढे बोलावलं नाही आणि मागेही ढकललं नाही. "नंबरानं या, काकू," एवढंच म्हणाली. म्हातारी नंबरात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या सुना आल्या. तुझ्या वडिलांनी त्या दिवशी वस्तीतल्या पोरांना गोळा करून महाडच्या तळ्याची गोष्ट परत एकदा सांगितली, हे तूच मला सांगितलंस.

लातूरला परत आल्यावर हेन्रिकनं वरच्या कचेरीसाठी एक नियम तयार केला. जी वस्ती पाण्यापासून सगळ्यांत लांब आहे, तिचा हापसा पहिला. मी तो मराठीत करून तुला दाखवला, तर तू म्हणालीस, 'लांब आहे' न्हाई, 'लांब ठेवली आहे' लिही. आम्ही काय हौसेनं लांब गेलो? मी हेन्रिकला सांगितलं आणि त्यानं इंग्रजीतही तो शब्द बदलला. बोलताना आपण त्याला 'शेवटची वस्ती आधी' म्हणायला लागलो. तो नियम लातूरहून दिल्लीला गेला, तिथून त्यांच्या देशात, आणि तिथून ज्या ज्या देशात त्यांचं पाण्याचं काम चालायचं तिथं तिथं. बोरवाडीच्या बौद्धवाड्यात निघालेलं वाक्य ज्यांची नावं आपल्याला उच्चारता येत नाहीत अशा गावांत जाऊन पोचलं. तू हे ऐकून हसलीस आणि म्हणालीस, बरंय, मला तर अजून औशाच्या पुढं कुणी नेलं न्हाई.

*

औशाला तू आमच्या घरी पहिल्यांदा आलीस तो प्रसंग मी कुणाला सांगत नाही, पण इथं सांगते. माझी आई देवभोळी, सरळ, आणि तिच्या पिढीच्या सगळ्या सवयींची. तू आत आलीस, टेकलीस आणि म्हणालीस, "काकू, लई तहान लागलीय. माठ कुठं हाय? मीच घेते." आईनं बोटानं स्वयंपाकघर दाखवलं. तू उठून घेतलंस, पिऊन तांब्या जागेवर ठेवलास आणि तिच्याशी तुरीच्या भावाबद्दल बोलत बसलीस. पुढच्या वेळी तू आलीस तेव्हा तिनं विचारलं, जेवून जाणार ना?

आपली मैत्री इथून धरायची की बोरवाडीपासून, मला ठरवता येत नाही.

तू नोकरी सोडून संस्था काढलीस, वस्तीवस्तीतल्या बायकांची. आमच्या संस्थेनं तुला काम दिलं आणि मी दोन्ही संस्थांच्या मधे उभी राहिले. मुखेडच्या बसस्टँडवर, बाजाराच्या दिवशी, एस.टी. कधी लागेल याची वाट बघत आपण किती भांडलो असू! तुझं म्हणणं, बाहेरचे लोक पाण्यासारखे आहेत, उपयोगी आहेत, पण भांडं आपलं पाहिजे. माझं म्हणणं, भांड्यालाही कधी कधी आकार बाहेरून मिळतो. तू म्हणायचीस, झालं, विजीचं भाषण सुरू झालं.

पण आकार मिळाला होता, रमा. वांबुईची गोष्ट तुला मान्य करावीच लागेल.

वांबुई केनियातली, तिथल्या एका छोट्या संस्थेची. आमच्या वरच्या कचेरीनं तिला दौऱ्यावर पाठवलं होतं, इथलं काम बघायला. तू आधीच वैतागलेली होतीस, कारण पाहुणे आले की बायकांना मजुरी बुडवून बसावं लागतं. वांबुई बोरवाडीच्या हापशाजवळ गेली, तो नेमका बंद पडलेला. तिनं विचारलं, दुरुस्त कोण करतं? तू सांगितलंस की पंचायत समितीचा मिस्त्री येतो. कधी येतो? आला की आला, तू म्हणालीस. ती म्हणाली, आमच्याकडे पाना बायकांच्या हातात असतो.

मी तुला हे मराठीत सांगितलं आणि तू माझ्यावरच उखडलीस. दोन दिवसांची पाहुणी आम्हाला शिकवणार? पण वांबुई तोपर्यंत बायकांच्या मधे खाली बसली होती. जीपमधला पाना आणून तिनं हापशाचं डोकं उघडायला घेतलं. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. शोभा तेव्हा नवी लग्न होऊन आलेली, तोंडावर पदर घेऊन मागे उभी. वांबुईनं तिचा हात धरून पान्यावर ठेवला. नट हलला तेव्हा सगळ्याजणी हसायला लागल्या आणि शोभाचा पदर खाली आला तो तिनं परत वर घेतला नाही.

वायसर झिजला होता, बाकी काही नव्हतं. त्या एका वायसरसाठी बायका आठवडाभर मैलभर चालत होत्या.

पुढे तू मुखेड, कंधार, अगदी हदगावपर्यंत बायकांच्या टोळ्या उभ्या केल्यास, पाइप उचलून रॉड बदलणाऱ्या. गावातले लोक आधी हसले. मग हापसा बंद पडला की पंचायत समितीत न जाता शोभाच्या दारात यायला लागले. ज्या दारात ते कधी येत नव्हते. तू स्वतः कबूल केलंस, अर्थात स्वतःच्या पद्धतीनं. म्हणालीस, "कल्पना त्या बाईची हाय. पण दार आमचं हाय."

वांबुईनं तुला तिच्या गावी बोलावलं. तू पहिल्यांदा विमानात बसलीस, आणि तिथून आल्यावर आठवडाभर तुझ्या तोंडी दुसरा विषय नव्हता. तिथं जाती नाहीत असं तुला कुणीतरी सांगून पाठवलं होतं. तू म्हणालीस, जाती नसतील, पण रांगेत शेवटी कोण उभं असतं ते मला कुणी दाखवावं लागलं न्हाई. तिथल्या बैठकीत तू उभी राहून मराठीतच विचारलंस, "शेवटी कोण?" ते दोन शब्द तुझ्याकडून आधीच शिकलेल्या वांबुईनं त्याचा अर्थ सांगितला, आणि ज्या बायका मागे बसल्या होत्या त्या पुढे आल्या.

एवढं सगळं झालं होतं, रमा. खोटं नव्हतं ते. म्हणूनच पुढचं मला गिळता येत नाही.

*

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या सुमाराची गोष्ट. पुन्हा दुष्काळ, पुन्हा बाहेरची मदत. आमच्या संस्थेनं गावोगाव पाण्याच्या टाक्या बांधायचा नवा कार्यक्रम काढला. हेन्रिक केव्हाच निवृत्त होऊन गेला होता. नांदेडच्या एका हॉटेलात सगळ्या स्थानिक संस्थांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. शिकवायला दिल्लीहून ईशा नावाची मुलगी आली होती. हुशार होती, मनापासून काम करणारी होती. तिच्यावर माझा राग नाही, तुझाही नव्हता.

तिनं पडद्यावर नवी मार्गदर्शक तत्त्वं दाखवली. पहिलंच होतं, टाकीची जागा गावाच्या सर्वसंमतीनं ठरवावी, ग्रामसभेचा ठराव घ्यावा. तू हात वर केलास. मी शेवटच्या रांगेत बसले होते, मला पुढचं दिसायला लागलं होतं.

तू विचारलंस, "यात शेवटची वस्ती कुठं गेली?"

ईशानं पुढचं पान दाखवलं. तिथं वंचित घटकांचा सहभाग असा शब्द होता. ती म्हणाली, सगळ्यांना बरोबर घेऊन जायचं, कुणाला वगळायचं नाही, हाच तर गाभा आहे. आणि ही पद्धत जगभरच्या अनुभवातून आलेली आहे, आफ्रिकेतून, आशियातून.

तू म्हणालीस, "ती इथूनच गेली होती, बाई. जाताना तिला दात होते."

ईशाला कळलं नाही, आणि कळावं तरी कसं? तिच्या जन्माच्या आधीची गोष्ट. तू तिला शांतपणे समजावलंस. बोरवाडीत त्या दिवशी सर्वसंमती मागितली असती तर हापसा चावडीपुढे झाला असता. सर्वसंमती म्हणजे कुणाचं 'नको' नसणं, आणि 'नको' म्हणायची ताकद गावात कुणाकडे असते हे बघायला पडद्याची गरज नाही. ईशानं सगळं लिहून घेतलं. वर कळवते म्हणाली. तिनं खरंच कळवलं, मी पाहिलं आहे.

वरून उत्तर आलं ते फार गोड होतं. तुमच्या अनुभवाचा आम्हाला आदर वाटतो, पण एकाच समूहाला प्राधान्य दिल्यानं गावात तणाव वाढू शकतो, आणि आमच्या देणगीदारांची अट आहे की प्रकल्पानं तणाव वाढवू नये. मी हेन्रिकला मेल केला. त्यानं लगेच उत्तर दिलं. त्याला तुझं नाव आठवत होतं, सरपंचांचा न फुटलेला नारळसुद्धा आठवत होता. त्यानं लिहिलं की तो आता भाजीपाला लावतो आणि त्याच्या जुन्या कचेरीत त्याचा फोन कुणी घेत नाही. ती कचेरीच आता त्यांच्या सरकारच्या पैशावर चालते, आणि सरकार सांगेल तसं बोलते. म्हणजे आपण ज्यांना 'वरचे' म्हणत होतो त्यांच्याही वर कुणीतरी होतं. हे वाचून मला हसू आलं. तुला सांगितलं तर तू हसली नाहीस.

मग आपलं ते भांडण झालं. तुझ्या मुखेडच्या खोलीत, भर दुपारी, पंखा बंद. मी म्हणत होते, कार्यक्रम घे. कागदावर सर्वसंमती राहू दे, जागा आपण ठरवू. मी तसं केलंही होतं, दोन-तीन गावांत. उताराचा मुद्दा काढून, भूगर्भवाल्याचा दाखला लावून टाकी वस्तीत नेली होती. लोकांना पाणी मिळालं. मी तुला अभिमानानं सांगत होते.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे आमचं पाणी उतारामुळं आलं. हक्कानं न्हाई आलं."

मी म्हणाले, तहानलेल्या बाईला काय फरक पडतो?

"पडतो," तू म्हणालीस. "तुला न्हाई पडत."

यानंतर मी जे बोलले ते तुला पाठ होतं. मी म्हणाले, तुझा स्वाभिमान वस्तीतल्या बायकांना डोक्यावर वाहून न्यावा लागतो. तू दार उघडलंस, मी बाहेर पडले, आणि तू कार्यक्रम नाकारलास.

माझं म्हणणं आजही मी मागे घेत नाही, रमा. तू नाकारलंस म्हणून कार्यक्रम थांबला नाही. दुसऱ्या संस्थेनं घेतला, आणि बोरवाडीची टाकी चावडीपुढे बांधली गेली. ठराव एकमतानं झाला. वस्तीतल्या ज्या दोघी सभेला गेल्या होत्या त्या गप्प बसल्या, कारण एकीचा नवरा सरपंचांच्या शेतात कामाला होता आणि दुसरीचा मुलगा. हळूहळू भूगर्भातलं पाणी खाली गेलं, जुना हापसा कोरडा पडला, तुमच्या बायका पुन्हा गावातल्या नळावर शेवटी उभ्या राहायला लागल्या. तुझ्या संस्थेतली माणसं कमी होत गेली. मिस्त्री बायकांच्या टोळ्या मोडल्या. शोभाचे पाने गंजले. तू बरोबर होतीस आणि त्यातून हे झालं. मी आत राहून वाकवत राहिले त्यातून दोन-तीन गावांत पाणी आलं आणि नियम मेला. दोघींपैकी कुणाचं खरं, हे आपण कधीतरी नीट बसून बोलू असं मला वाटत होतं. बरीच वर्षं नुसतं वाटतच राहिलं. लग्नकार्यात भेटलो, तब्येतीचं विचारलं. भीमजयंतीला तू न चुकता फोन करायचीस, मी न चुकता जयभीम म्हणायची, आणि दोघी फोन ठेवायचो.

*

तू नांदेडच्या दवाखान्यात होतीस तेव्हा मी आले. तू किती लहान दिसत होतीस त्या कॉटवर! मी ठरवून आले होते की जुनं काही काढायचं नाही. तूच काढलंस. म्हणालीस, "विजे, तू आत राहिलीस. मी भाईर राहिले. कुणाचं काय झालं, सांग बरं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स सलाइन बदलायला आली. नंतर तुला झोप लागली. मी उशाशी बसून उत्तर जुळवत राहिले. उद्या सांगू म्हणून उठले. तुझ्या भावाचा फोन पहाटे आला.

तेच उत्तर मी अजून जुळवून राहिले. जमत नाही. आत राहणं म्हणजे काय, तर मी त्यांची भाषा शिकले आणि त्या भाषेत तुझं वाक्य पोचवलं. ते तिथं शिरलंही. पण ती भाषा फार मोठी आहे, रमा. ती कुणाचंही वाक्य घेते, धुते, इस्त्री करते, आणि ज्याचं त्याला परत नेसवायला आणते. तुला ते अंगाला बसलं नाही, तू फेकून दिलंस. मी म्हटलं, निदान उघडं तरी राहायला नको.

शोकसभेतून बाहेर आलो तेव्हा शोभाच्या फोनवर वांबुईनं पाठवलेला आवाजातला निरोप आला होता. कुणीतरी तिला कळवलं असावं. आम्ही चहाच्या गाड्याजवळच ऐकला. थकलेला, म्हातारा आवाज. तिनं इंग्रजीत सांगितलं की त्यांच्याकडच्या बायकांनी वरची नवी तत्त्वं घेतली, सह्याही केल्या, पण बैठक सुरू करताना आजही एकजण उठून विचारते, 'शेवटी कोण?' असंच, मराठीत. नव्या पोरींना तो त्यांच्याच भाषेतला कुठला तरी जुना शब्द वाटतो. मी शोभाला अर्थ सांगितला. मला वाटलं ती रडेल. ती चिडली.

"तिथं राहिलं," ती म्हणाली, "अन् बोरवाडीत न्हाई राहिलं. हे कसं काय?"

तू सांगू शकली असतीस, आणि सांगताना माझ्याकडे रोखून बघितलं असतंस.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. सभा होऊन गेल्यावर, गेल्या आठवड्यात, दिल्लीच्या साहेबांचा फोन आला. नांदेडला संस्थेचं नवं प्रशिक्षण केंद्र होतंय, त्याला तुझं नाव द्यायचं आहे. तुझ्या भावानं त्यांना सांगितलं होतं, विजयाताईंना विचारा, त्या म्हणतील तसं. मी तुझ्या भावाशी बोलले, शोभाशी बोलले. मग साहेबांना कळवलं, नाव घ्या, पण रमाचं नाव हवं असेल तर रमाचा नियम परत आणा. पहिल्या पानावर, 'लांब ठेवली आहे' या शब्दांसकट.

मला खरंच आशा वाटली होती. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी वर विचारलं. परवा परत फोन आला, आवाजात आनंद होता. वरच्यांनी मान्य केलं होतं. नियम छापायला ते तयार होते, परिशिष्टात. मराठवाड्यातला एक ऐतिहासिक स्थानिक अनुभव म्हणून. बंधनकारक नाही, संदर्भासाठी.

पूर्वीची मी असते तर घेतलं असतं. परिशिष्टात तर परिशिष्टात. कुणी कधी पान उलटून वाचेल, कुठल्या ईशाला त्यातून काही सापडेल, तिथून परत वर सरकवता येईल. हे सगळं माझ्या मनात आलं, आयुष्यभर असंच करत आले. साहेब थांबले होते. मी नाही म्हणाले. त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं त्यांना, म्हणून परत विचारलं. मी परत नाही म्हणाले. आता त्या केंद्राला दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागेल. परिशिष्टही होणार नाही. तुझं नाव कुठंच राहणार नाही, आणि ते मी केलं.

शोभा म्हणाली, बरं केलं. तुझा भाऊ म्हणाला, ताईनं हेच केलं असतं. तेव्हापासून मी या घरात नुसती येरझाऱ्या घालून राहिले. मला वाटत होतं की तू दर वेळी नाही म्हणून दार उघडायचीस, समोरच्याला बाहेर काढायचीस आणि मग निवांत चहा टाकायचीस. तुझा चेहराच तसा असायचा. नाही म्हटल्यावर रात्री तुला झोप लागायची का, हे मी कधी विचारलं नाही.

मला तर लागत नाही, रमा.